रोगाची नोंद आणि रोग्याची अब्रू

महाराष्ट्र शासनाने २०२५ साली कुष्ठरोगाचा समावेश अधिसूचित रोगांत केला. दवाखाना सरकारी असो वा खाजगी, कुष्ठरोगाचे निदान झाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत त्याची खबर आरोग्य खात्यास देणे डॉक्टरांवर बंधनकारक झाले. क्षयरोगाच्या बाबतीत असे बंधन २०१२ सालापासून आहे. २०१८ च्या राजपत्रित आदेशाने तर खबर न देणाऱ्या डॉक्टरास व औषधविक्रेत्यास फौजदारी कलमांखाली शिक्षेस पात्र ठरविले. या निर्णयांचे आपण स्वागत केले पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. परंतु स्वागत करून थांबता येणार नाही. नोंद कोणी ठेवावी, ती कोणी वाचावी, आणि वाचणाऱ्याच्या हाती रोग्याचे बरेवाईट करण्याची कोणती सत्ता असावी, हे प्रश्न त्या आदेशांनी सुटत नाहीत. आणि हे प्रश्न ज्यांच्या पोटापाण्याशी निगडित आहेत ती माणसे आपल्याच वस्त्यांतली, आपल्याच मोर्चांतली आहेत.

या विषयावर कार्यकर्त्यांत बोलणे निघाले की दोन सूर हमखास ऐकू येतात. एक म्हणतो, सार्वजनिक आरोग्य हा साऱ्या समाजाचा प्रश्न आहे. साथ दाराशी आली असता व्यक्तीच्या खाजगीपणाचे कौतुक करणे हे सुखवस्तू मध्यमवर्गाचे चोचले होत. दुसरा म्हणतो, शासनाच्या हाती नाव गेले की ते पोलिसांच्या हाती गेले असे समजावे. तेव्हा नोंदच नको. दोन्ही सूरांत सत्याचा अंश आहे, आणि दोन्ही अर्धवट आहेत. पहिला हे विसरतो की सुखवस्तू माणसाचा खाजगीपणा आधीच शाबूत असतो. त्याला क्षय झाला तर तो मोटारीने पुण्यास जातो, बंद खोलीत तज्ज्ञाला भेटतो आणि औषधाची पिशवी घेऊन परत येतो. शेजाऱ्याला पत्ताही लागत नाही. ज्याचा रोग चव्हाट्यावर येतो तो प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओट्यावर रांगेत उभा असणारा माणूस होय. दुसरा सूर हे विसरतो की ज्या रोगाची मोजदाद होत नाही, त्याच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूदही होत नाही. नोंद नसणे ही गरिबाची सुटका नव्हे. ती शासनाची सुटका असते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे: रोग्याच्या नावाची राखण आणि रोगाची पाळत यांत वैर नाही. नाव राखले जाईल अशी खात्री असेल तरच माणूस दवाखान्याची पायरी चढतो, आणि तो चढला तरच रोग मोजता येतो. जेथे नाव फुटते तेथे रोगी लपतो. रोगी लपला की रोग मोकाट सुटतो. ही गोष्ट महाराष्ट्राने एकदा मोठी किंमत देऊन अनुभवली आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेग शिरला आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा अस्तित्वात आला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा. त्यात शासनाला हवे ते उपाय योजण्याची मुभा होती, आज्ञाभंगाला शिक्षा होती, सद्भावनेने वागणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण होते. रोग्याच्या हक्कांविषयी अक्षरही नव्हते. पुण्यात रँडच्या अमदानीत गोरे शिपाई घराघरांत शिरले, माजघरे आणि देवघरे उपसली गेली, माणसे ओढून छावण्यांत नेली गेली. त्यावर लोकांनी काय केले? त्यांनी रोगी लपविले. माळ्यावर लपविले, कोठीत लपविले, मेलेल्यांची वाच्यताही केली नाही. जी झडती रोग शोधण्यासाठी होती तिनेच रोग अंधारात ढकलला. २२ जून १८९७ च्या रात्री पुढे जे घडले ते सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याच सुमारास, त्याच पुण्याच्या परिसरात, रोग्यापर्यंत पोहोचण्याची दुसरीही एक रीत चालू होती. डॉ. यशवंत फुले यांनी सासाणे माळावर दवाखाना उघडला होता, आणि सावित्रीबाई स्वतः रोग्यांना तेथे आणीत होत्या. मुंढव्याच्या वस्तीतील एका प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर घेऊन त्या आल्या आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने गेल्या. शिक्षिकेचे शिक्षण घेण्यासाठी तरुणपणी त्या अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे राहिल्या होत्या, ही आपल्या जिल्ह्याला अभिमान वाटावी अशी गोष्ट. दोघांनाही रोगी शोधायचाच होता. रँडलाही आणि सावित्रीबाईंनाही. फरक एवढाच की एकाला पाहून दारे बंद झाली आणि दुसऱ्यांपाशी लोकांनी आपली मुले सोपविली.

पुढच्याच वर्षी, १८९८ साली, कुष्ठरोग्यांचा कायदा झाला. त्याचे कलम वाचण्यासारखे होते. आश्रमांत कोंडण्यासाठी जो पकडायचा तो नुसता कुष्ठरोगी नव्हे, तर ‘निर्धन’ कुष्ठरोगी. म्हणजे भीक मागणारा किंवा उपजीविकेचे उघड साधन नसलेला. रोग तोच, जंतू तोच. परंतु ज्याच्या घरी दाणे होते तो घरी राहू शकत होता आणि ज्याच्या घरी नव्हते त्याच्यावर वॉरंट निघत होते. हा कायदा देशाच्या कायदेपुस्तकातून पूर्णपणे पुसला जाण्यास २०१६ साल उजाडावे लागले. जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यात २०१९ पर्यंत टिकून होते. दरम्यान १९८० च्या दशकापासून बहुविध औषधोपचाराने हा रोग पूर्ण बरा होऊ लागला होता. औषध आले तरी कायदा हलत नव्हता. तेव्हा २०२५ च्या आदेशाने कुष्ठरुग्णाचे नाव पुन्हा एकदा सरकारी वहीत चढणार असेल, तर जुन्या वहीची आठवण असणाऱ्या म्हाताऱ्यांना धास्ती वाटली तर त्यांना अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

ही धास्ती घालवायची कशी, याचे उत्तर शोधण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. ते आपल्याच जिल्ह्यात आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली जामखेड तालुक्यात आरोग्याचे काम सुरू केले. गावाने निवडलेली, पुष्कळदा दलित आणि निरक्षर असलेली बाई हा त्या कामाचा कणा होता. बाळंतपण, मुलांचे वजन, पाण्याची शुद्धता, कातडीवरचा बधिर चट्टा, न थांबणारा खोकला, सारे काही ती एकटी पाही. कुष्ठरोग्यांसाठी निराळी वसाहत किंवा निराळा ‘वार’ न ठेवता त्यांच्यावर इतर रोग्यांबरोबरच उपचार करण्याचे धोरण तेथे राखले गेले. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळाले, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यागाचे गुणगान केले. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. जी बाई गावातल्या सगळ्याच घरी जाते, तिच्या पावलाने कोणाचेही नाव फुटत नाही. ती आज चौथ्या घरी गेली ती मुलाच्या जुलाबासाठी की म्हाताऱ्याच्या चट्ट्यासाठी, हे पाचव्या घराला कळत नाही. याउलट एकाच रोगाची पाटी लावलेली गाडी एखाद्या दारापुढे थांबली, की संध्याकाळपर्यंत त्या घरातल्या मुलीची सोयरीक मोडते. सर्वांची सर्व प्रकारची देखभाल करणारी व्यवस्था ही गोपनीयतेची पहिली हमी होय. खाजगीपणा कुलपाने राखता येतो, तसा तो समतेनेही राखता येतो.

आता आपल्या जिल्ह्याच्या अर्थकारणाकडे वळू. जामखेड, पाथर्डी, शेवगाव या तालुक्यांतून आणि शेजारच्या बीडमधून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीच्या टोळ्या बाहेर पडतात. त्यांतल्या कित्येक राहुरी, नेवासे, श्रीरामपूर, कोपरगावच्या फडांत उतरतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती कोयत्यावर, माणसावर नव्हे. पट्टा पडेपर्यंत पाच-सहा महिने कोपीत काढायचे. क्षयावरचा साधा उपचारही सहा महिन्यांचाच असतो. तो मध्येच तुटला की जंतू औषधाला दाद देईनासा होतो आणि मग अधिक जहाल औषधांचा फेरा सुरू होतो. समजा, पाथर्डी तालुक्यातल्या एखाद्या तोडणी कामगारास ऑक्टोबरात क्षयाचे निदान झाले. त्याचे नाव त्याच्या गावच्या आरोग्य केंद्रात नोंदले गेले. महिन्याभरात तो श्रीरामपूरच्या फडात पोहोचला. नोंद त्याच्या मागोमाग तेथल्या आरोग्य केंद्रात गेली नाही, तर औषध तुटणार. पाळत हवी ती यासाठी. परंतु तीच नोंद मुकादमाच्या कानी गेली, तर कोयता अर्धा झाला असे धरून उचल परत मागितली जाणार, पुढच्या हंगामात टोळीत जागा मिळणार नाही, आणि कोपरीच्या बाहीत खोकला दाबण्याची कला सारी टोळी शिकून घेणार. एकच माहिती, आरोग्यसेविकेच्या हाती ती औषध आहे आणि मुकादमाच्या हाती ती चाबूक आहे. गोपनीयतेचा प्रश्न हा वर्गाचा प्रश्न आहे असे आम्ही म्हणतो ते या अर्थाने.

या भूमीवर न्यायालयांनी काही पावले टाकली आहेत, त्यांचीही दखल घ्यावी. एका सार्वजनिक क्षेत्रातील उपक्रमाने आपल्याकडील एका हंगामी मजुराला, त्याच्या रक्तात एचआयव्ही आढळला म्हणून, कामावरून दूर केले होते. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने तो काम करण्यास सक्षम आहे एवढे पुरेसे मानून त्याला पुन्हा घेण्याचा आदेश दिला. आणि त्याचे नाव कागदपत्रांत कोठेही येऊ दिले नाही. खटला आजही नुसत्या अक्षरांनीच ओळखला जातो. नाव झाकण्याची मुभा मिळाली म्हणूनच तो मजूर न्याय मागू शकला. पुढे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, आणि त्याच वर्षी संमत झालेला एचआयव्ही-एड्सविषयक कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. संमतीवाचून तपासणी नाही, संमतीवाचून वाच्यता नाही, कामावरून काढणे नाही, हे त्याचे सार. ज्याच्या जिवाला प्रत्यक्ष धोका आहे अशा जोडीदारास सांगण्याची वाट त्यात ठेवलेली आहे. परंतु ती ठराविक अटींनी बांधलेली आहे, गावभर दवंडी पिटण्याची ती परवानगी नाही.

कायदे असे सुधारत असतानाच २०२० चे साल आले आणि १८९७ चा तोच चार कलमी कायदा पुन्हा बाहेर काढण्यात आला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात घरी विलग राहण्यास सांगितलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारले गेले. साथ नवी होती, भीती खरी होती, हे मान्य करूनही विचारावे लागते की माणसाच्या कातडीवर शाई उमटवून कोणत्या जंतूला आळा बसला? रोग्यांच्या नावांच्या याद्या भ्रमणध्वनीवरून फिरल्या. अनेक राज्यांत दारांवर फलक लागले. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की सक्षम अधिकाऱ्याचा तसा विशिष्ट आदेश असल्याखेरीज असे फलक लावू नयेत. आणि आपल्या जिल्ह्यात काय झाले? दिल्लीच्या तबलिगी मेळाव्याहून आलेल्या २९ परदेशी नागरिकांवर व त्यांना आसरा देणाऱ्या काही स्थानिकांवर येथे गुन्हे दाखल झाले. २१ ऑगस्ट २०२० रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते गुन्हे रद्द केले आणि साथीच्या काळात या लोकांना बळीचे बकरे बनविले गेल्याचे दिसते, अशा आशयाचे ताशेरे ओढले. रोग्यांच्या संख्येबरोबर जेव्हा त्यांचा धर्म छापला जातो, तेव्हा ती आकडेवारी आरोग्य खात्याची राहत नाही. तिचा उपयोग करणारे भलतेच असतात.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो प्रामाणिक आहे. हजार-बाराशे वस्तीच्या गावात कोण काय लपविणार? पाराजवळ बसलेल्यांना सगळ्यांच्या पोटातले ठाऊक असते. शिवाय लपविण्यानेच रोग वाढतो. हिवरे बाजारने २०२१ च्या दुसऱ्या लाटेत घरोघर तपासणी करून, लक्षणे दिसताच माणसाला बाजूला ठेवून मे महिन्यात गाव करोनामुक्त केले, ते काही गुपचूप नव्हे! आक्षेप खरा आहे. परंतु हिवरे बाजारात १९९० च्या सुमारापासून ग्रामसभेने एकत्र निर्णय घेण्याची सवय मुरलेली आहे. ज्याचे नाव पुढे येते त्याला आपल्यावर बहिष्कार पडणार नाही याचा भरवसा वाटू शकतो. असा भरवसा प्रत्येक गावात नाही. जेथे पाणवठा आणि स्मशान यांवरून आजही माणसांची वाटणी होते, तेथे ‘गावाला सगळे ठाऊक असते’ हे वाक्य समाधानाचे नाही. म्हणून आमचा आग्रह असा की गावाला काय कळते यापेक्षा कळल्यामुळे रोग्याचे काय होते, याकडे पाहावे. कळल्यावर मदत येत असेल तर गुप्ततेची गरज आपोआप कमी होते. कळल्यावर शिक्षा होत असेल तर कायद्याचे पांघरूण घट्ट असावे लागते.

मग रेषा आखायची कोठे? रोगाच्या पाळतीत तीन निरनिराळी कामे असतात आणि घोटाळा होतो तो त्यांची सरमिसळ केल्याने. पहिले काम मोजण्याचे: कोणत्या तालुक्यात किती रोगी, वाढले की घटले. याला नावाची मुळीच गरज नाही. आपल्या देशात १९९८ पासून गरोदर स्त्रियांच्या रक्ताचे नमुने नाव-पत्ता काढून टाकून तपासण्याच्या पद्धतीने एचआयव्हीच्या प्रसाराचा अंदाज वर्षानुवर्षे बांधला गेला. नावावाचून देशाचे चित्र उभे राहिले. दुसरे काम शोधण्याचे: रोग्याच्या सहवासातल्या माणसांना गाठून त्यांची तपासणी करणे. येथे नाव लागते, पण ते तपासणाऱ्याला. ज्याला तपासायचे त्याला ‘तुम्ही संपर्कात आला असाल’ एवढे सांगून बहुतेक वेळा भागते. तिसरे काम बरे करण्याचे: येथे नाव, पत्ता, मुक्काम सारे लागते, आणि ते औषध देणाऱ्या एक-दोन माणसांपाशीच लागते. नाव जसजसे वर जाईल, म्हणजे उपकेंद्रातून तालुक्याला, तालुक्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून मुंबईला, तसतसे ते गळून पडावे आणि आकडा तेवढा पोहोचावा. आज नेमके उलट घडण्याचा धोका आहे. क्षयरुग्णांची नोंद २०१२ पासून ‘निक्षय’ या संगणकीय व्यवस्थेत होते. २०२१ पासून प्रत्येक नागरिकाच्या आरोग्यखात्यासाठी चौदा अंकी क्रमांक देण्याची मोहीम चालली. कागदी वही फार तर एका कपाटातून चोरीला जाई. संगणकातली वही एका क्षणात सर्वत्र असू शकते.

आणि ही वही भरते कोण? आशा. महाराष्ट्रात कुष्ठरोग व क्षयरोग यांच्या संयुक्त शोधमोहिमा होतात तेव्हा घरोघर फिरते ती हीच बाई. जामखेडच्या गावातली आरोग्यसेविका ही तिची पूर्वज म्हणायची. परंतु जामखेडच्या बाईमागे गाव उभे होते आणि आशेच्या मागे उद्दिष्टाचा तक्ता उभा आहे. तिला पगार नाही, मोबदला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२४ मध्ये राज्यातील आशा व गटप्रवर्तक संपावर गेल्या, त्या वेळी मानधनवाढीबरोबरच ऑनलाइन कामाची सक्ती हाही तक्रारीचा विषय होता. स्वतःच्या भ्रमणध्वनीवर, कधी घरातल्या मुलाच्या मदतीने जी माहिती भरावी लागते, ती गुप्त कशी राहणार? शासनाला रोग्याची गुपिते राखायची असतील, तर ती राखणाऱ्या बाईला साधन, शिक्षण आणि पूर्ण वेतन द्यावे लागेल. फुकट राबवून घेतलेल्या हातांवर गोपनीयतेचे ओझे टाकणे हा दांभिकपणा आहे.

दांभिकपणाचा आणखी एक प्रकार. क्षयरुग्णाला सकस अन्न मिळावे म्हणून २०१८ पासून दरमहा ५०० रुपये आणि नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये देण्याची योजना झाली. ती योग्यच आहे, कारण क्षय हा मुळात अर्धपोटी माणसाचा रोग आहे. परंतु त्याच्या जोडीला दानशूरांनी अन्नाच्या पेट्या वाटण्याची प्रथा आली, आणि पेट्यांच्या मागोमाग छायाचित्रकार आले. पुढारी मध्यभागी, पेटी हातात, आणि पेटी घेणाऱ्याचा चेहरा उघडा. हक्क खात्यात जमा होतो, दान व्यासपीठावर होते. रोग्याची अब्रू नेमकी त्या दोहोंच्या मधल्या अंतरात जाते.

तेव्हा कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टींचा आग्रह धरावा. कुष्ठरोगाच्या नव्या आदेशाबरोबरच एचआयव्ही कायद्याच्या धर्तीवर क्षय आणि कुष्ठ रुग्णांनाही संमती, गुप्तता आणि नोकरीची हमी देणारे कायदेशीर संरक्षण मिळाले पाहिजे. नोंदीतील नाव पोलीस, मालक, मुकादम, पतपेढी किंवा विमा कंपनी यांच्यापर्यंत जाणार नाही, आणि गेले तर फोडणाऱ्याला शिक्षा होईल, अशी तरतूद हवी; आजवर शिक्षा खबर न देणाऱ्याला सांगितली आहे, खबर फोडणाऱ्यालाही ती लागू व्हावी. साखर कारखान्यांच्या हद्दीत तोडणी कामगारांसाठी हंगामभर फिरते सर्वसाधारण आरोग्य पथक असावे, एका रोगाच्या पाटीचे नव्हे. आणि आजारपणात उचलीची वसुली थांबावी. तालुक्याचे आकडे, नावांवाचून, दर तिमाहीस ग्रामसभेपुढे मांडावेत; कारण रोगाची माहिती हा गावाचा हक्क आहे, रोग्याची नव्हे.

एवढे शासनाकडून मागत असताना एक गोष्ट आपल्या स्वतःच्या हातची आहे. मदतीचा अर्ज घेऊन कोणी आपल्या कचेरीत येतो, आपण त्याचा केसपेपर वाचतो, आणि संध्याकाळी चहाच्या टपरीवर सहज बोलून जातो: अमक्याला तसले काहीतरी आहे म्हणे. त्या एका वाक्याने एक माणूस औषधापासून तुटतो. रँडचे शिपाई जोडे घालून घरात शिरले होते. आपण निदान उंबरठ्याबाहेर जोडे काढून आत जाण्यास शिकले पाहिजे.